डबलसीटचं गणित

"मागे जाड माणूस बसला की गाडी एवढी का डुलते?" मोटारसायकल शिकून वर्ष-दोन वर्षं झालेली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो : आपल्यापेक्षा वजनदार माणसाला मागे बसवून न्यावं की नेऊ नये?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न रोजचा आहे. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ, तलमडगू, भीमपूर या भागांत मराठी बोलणाऱ्यांची गावंच्या गावं आहेत. बाजार असो, तहसील असो, आदिलाबादचा 'रिम्स' दवाखाना असो की नदीपलीकडच्या यवतमाळ-चंद्रपूर जिल्ह्यांतली सोयरीक असो, घरातली १०० सीसीची गाडी आणि तिच्यावर दोन माणसं हाच खरा प्रवास. चालवणारा बहुतेक वेळा घरातला तरणा, सडपातळ पोरगा असतो आणि मागे आई, मावशी, काका किंवा आजोबा.

या प्रकरणासाठी एक जोडी धरून चालू. भाचा ५२ किलोचा. मावशी ७६ किलोंची, गुडघ्यांनी बेजार. बेल्याहून रिम्सला निघायचं आहे. गाडीचं स्वतःचं वजन ११२ किलो, म्हणजे १०० सीसीच्या गाडीचं असतं तेवढंच. हे तीन आकडे लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं होतं.

१. ओझं जातं कुठे?

लांब बांबूला पोतं अडकवून दोन गडी ते खांद्यावरून नेताना पाहिले असतील. पोतं बरोबर मध्ये असेल तर भार निम्मा-निम्मा वाटला जातो. ते सरकून मागच्या गड्याजवळ गेलं की जवळजवळ सगळा भार त्याच्या खांद्यावर पडतो आणि पुढचा नुसता बांबू धरून चालतो.

मोटारसायकलची दोन चाकं म्हणजे हे दोन गडी. त्यांच्यात अंतर असतं साधारण १२४ सेंटिमीटर. चालवणारा या दोघांच्या मधे बसतो, मागचा माणूस मात्र जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच. भाचा एकटा असतो तेव्हा गाडी आणि तो मिळून १६४ किलो होतात. ढोबळ हिशेबाने त्यातले ७३ किलो पुढच्या चाकावर आणि ९१ मागच्या चाकावर येतात.

आता मावशी बसली. एकूण २४० किलो झाले. पुढच्या चाकावर किती आले? फक्त ७६. मागच्यावर १६४.

हे आकडे दोनदा वाचण्यासारखे आहेत. मावशीच्या ७६ किलोंपैकी पुढे गेले जेमतेम ३ आणि मागे गेले ७३. आधी दोन्ही चाकांनी मिळून जेवढा भार पेलला होता, तेवढा आता एकटं मागचं चाक पेलतंय. गाडी वळवायचं काम पुढचं चाक करतं, पण त्याच्या वाट्याला वाढीव दाब जवळजवळ आलाच नाही. म्हणून हँडल हलकं लागतं, नि गाडी मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटते. चढावर मागचं ओझं आणखी मागे कलतं, म्हणून हा हलकेपणा तिथे जास्त जाणवतो.

दुसरी गोष्ट उंचीची. मागची सीट बहुतेक गाड्यांत थोडी वर असते. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई आणि कमरेवर कळशी घेऊन चालणारी बाई यांच्या चालीत जो फरक दिसतो, तोच एकटी गाडी आणि डबलसीट गाडी यांच्यात असतो. वजन जितकं उंच, तितकं ते कलल्यावर सावरणं अवघड.

२. कंपनीने आखलेली रेघ

प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत जास्तीत जास्त किती भार चालेल हे लिहिलेलं असतं. १०० सीसीच्या नेहमीच्या गाड्यांसाठी हा आकडा बहुधा १३० किलोंच्या आसपास असतो, काहींचा १५० पर्यंत जातो. यात चालवणारा, मागचा माणूस आणि सामान, तिन्ही धरलेले असतात.

भाचा ५२, मावशी ७६, बेरीज १२८. गाडीची मर्यादा १३० ची असेल तर दोनच किलो शिल्लक राहतात. मावशीच्या हातातली पिशवी, तिच्यातली तूरडाळ आणि लेकीसाठी नेलेले लाडू, यांनीच रेघ ओलांडली जाते. बहुतेक घरांत हा हिशेब कधी मांडलेलाच नसतो, कारण सीटवर जागा आहे म्हणजे वजनालाही जागा आहे असं गृहीत धरलं जातं.

मर्यादा ओलांडली म्हणून गाडी लगेच मोडत नाही. पण ब्रेक, टायर, रिमच्या तारा आणि शॉकॉब्सर हे सगळं त्या आकड्याच्या हिशेबाने बनवलेलं असतं. तेव्हा पिशवी बसने, शेजाऱ्याच्या गाडीने किंवा दुसऱ्या खेपेला पाठवणं शहाणपणाचं. आणि तिसरा माणूस तर नकोच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसवता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रिपल सीटला १००० रुपये दंड आणि ३ महिने परवाना बाद अशी तरतूद आहे. पौषातल्या अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी इंद्रवेल्लीकडचे रस्ते माणसांनी फुलतात, तेव्हा तिघं-तिघं बसवण्याचा मोह सर्वांत जास्त होतो.

३. निघण्याआधीची दहा मिनिटं

ओझं बदललं की बैलगाडीवाला बैलांच्या मानेवरचा भार पाहून गाडीतला माल मागेपुढे सरकवतो. मोटारसायकलवर माणूस सरकवता येत नाही, म्हणून गाडीच त्याच्यासाठी तयार करायची असते.

हवा. अनेक गाड्यांना पुढच्या टायरमध्ये २५ पाउंड, मागच्यात एकट्यासाठी २८ आणि डबलसीटसाठी ३२ पाउंड हवा सांगितलेली असते. काहींना मागे याहून जास्त लागते. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत किंवा गाडीवरच्या चिठ्ठीवर मिळतो. कमी हवेचा टायर भाराखाली पसरतो, तापतो आणि वळणावर गाडीची शेपटी हलल्यासारखी वाटते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, कारण पळून तापलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो. पंक्चरवाल्याला नुसतं "हवा टाक" न म्हणता "मागे डबलसीटची टाक" असं आकड्यासकट सांगावं.

शॉकॉब्सर. मागच्या दोन्ही शॉकॉब्सरच्या स्प्रिंगखाली पायऱ्या असलेली एक कडी असते. ती पान्याने फिरवली की स्प्रिंग आवळते. वजनदार माणूस बसणार असेल तर एक-दोन पायऱ्या वर घ्यायच्या, आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या. एक बाजू तिसऱ्या पायरीवर आणि दुसरी पहिल्या पायरीवर राहिली तर गाडी सरळ रस्त्यावरही तिरपी ओढते.

दिवा. ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. मागची बाजू बसली की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइटचा झोतही वर जातो. समोरच्याचे डोळे दिपतात, आणि आपल्या चाकापुढची वीस पावलं मात्र अंधारात राहतात. अंधार पडणार असेल तर मागे माणूस बसवून, गाडी भिंतीसमोर उभी करून झोत खाली घ्यावा.

साखळी आणि ब्रेक. मागचा ब्रेक दाबून पाहावा. पाय फार खाली गेल्यावर ब्रेक लागत असेल तर तो आवळून घ्यावा. साखळीचा झोलही पाहावा, कारण मागची बाजू दबली की झोल बदलतो.

४. बसण्याची घटका

डबलसीटवरचे कित्येक पडण्याचे प्रसंग वेगात घडतच नाहीत. ते घरासमोर, दवाखान्याच्या फाटकात, पेट्रोल पंपावर घडतात, गाडी उभी असताना.

मावशी गुडघ्यामुळे पाय उचलू शकत नाही. ती डाव्या फुटरेस्टवर पाय ठेवते आणि सगळं वजन टाकून वर चढते. फुटरेस्ट गाडीच्या मध्यरेषेपासून साधारण २५ सेंटिमीटर बाहेर असतो. भाच्याचा डावा पाय जमिनीवर मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटरवर टेकलेला आहे. पाटाच्या एका टोकाला कुणी उभं राहावं तसं होऊन गाडी डावीकडे कलते आणि भाच्याच्या डाव्या पायावर एकदम ४५ ते ५० किलोंचा दाब येतो. ५२ किलोच्या पोराच्या एका पायावर, अचानक! खाली खडी किंवा ओला चिखल असेल तर पाय घसरलाच समजा.

आता तीच मावशी घरच्या ओट्यावरून किंवा झाडाच्या पारावरून सरळ सीटवर टेकते. तिचं वजन मध्यरेषेपासून जेमतेम ८ सेंटिमीटरवर येतं आणि भाच्याच्या पायावरचा दाब १५ किलोंच्या आसपास उतरतो. माणूस तोच, गाडी तीच. फरक फक्त ओट्याचा.

म्हणून बसण्याचा क्रम असा ठेवावा. चालवणाऱ्याने आधी बसावं, दोन्ही पाय पक्के टेकवावेत, हँडल सरळ करावं, पुढचा ब्रेक दाबून धरावा, गाडी न्यूट्रलमध्ये असावी. मग सांगावं.

"मावशी, मी 'बस' म्हणालो की बस. आधी नको."

"आणि उतरताना रे?"

"तेव्हाबी तसंच. गाडी थांबली तरी मी सांगेपर्यंत हलू नको."

"बरं बाबू."

एवढं बोलणं पुरतं. उतरताना घोळ जास्त होतो, कारण मुक्काम आला की माणूस न सांगता उडी टाकतो आणि चालवणाऱ्याचा एक पाय अजून ब्रेकवर असतो.

बसण्याच्या पद्धतीचाही हिशेब आहे. दोन्हीकडे पाय टाकून बसलेला माणूस मध्यरेषेवर असतो. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या मावशीचं वजन थोडं डावीकडे राहतं, आणि ते तोलण्यासाठी भाच्याला सरळ रस्त्यावरही गाडी उजवीकडे सुमारे २ अंश कलती ठेवावी लागते. दोन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण तासभर ते धरून ठेवणारे त्याचे खांदे आणि मनगटं आंबून जातात. पूर्वीच्या काष्ट्याच्या नऊवारीत दोन्हीकडे पाय टाकून बसता यायचं. सलवार-कमीजमध्येही येतं. ज्यांना जमतं त्यांनी तसंच बसावं.

५. ब्रेक : सगळ्यात महत्त्वाचे दहा किलोमीटर

गाडी थांबवणं म्हणजे तिच्यातला वेग ब्रेकमध्ये जिरवणं. वजन वाढलं की जिरवायचा ऐवज त्याच प्रमाणात वाढतो. १६४ चे २४० झाले, म्हणजे जवळजवळ दीडपट.

भाचा एकटा ताशी ५० किलोमीटरने जातोय. कोरड्या रस्त्यावर तो सवयीच्या जोराने ब्रेक दाबतो तेव्हा गाडी साधारण १९ मीटरमध्ये थांबते. मावशी मागे असताना त्याने तेवढ्याच जोराने ब्रेक दाबला तर लागतात २८ मीटर. शिवाय धोका दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्या सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. एकट्याचे झाले ३३ मीटर, डबलसीटचे ४२. मधले ९ मीटर म्हणजे रस्त्यात आडवा आलेला बैल, किंवा कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मागची फळी.

मग उपाय? ब्रेक जास्त जोराने दाबायचा, हा पहिला. डबलसीट असताना मागच्या चाकावर भार असतो, त्यामुळे ते सहजी लॉक होत नाही. एकट्याने चालवताना मागचा ब्रेक बेताने वापरावा लागतो, डबलसीटला त्याच्याकडून जास्त काम घेता येतं. पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम, आधी हलके आणि मग वाढवत नेत दाबावेत. झटका दिला तर मागचा माणूस पुढे आदळतो आणि चालवणाऱ्याचे हात त्या धक्क्याने हँडलवर दबतात.

दुसरा उपाय याहून सोपा आहे. वेग दहाने कमी करायचा.

वेग आणि थांबण्याचं अंतर यांचं नातं सरळ नसतं. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट होतं. हेच उलट बाजूनेही चालतं : वेग थोडासा कमी केला की अंतर बरंच कमी होतं. भाचा मावशीला घेऊन ५० ऐवजी ४० ने गेला तर, ब्रेक त्याच जोराने दाबूनही, गाडी १८ मीटरमध्ये थांबते. विचार करण्याच्या सेकंदाचे ११ धरून २९ मीटर. म्हणजे ५० ने एकटा जाताना लागत होते त्याहूनही कमी. मावशीच्या ७६ किलोंची सगळी भरपाई त्या दहा किलोमीटरमध्ये होऊन जाते. दहा-बारा किलोमीटरच्या वाटेवर यासाठी जादा वेळ लागतो तीन-चार मिनिटांचा.

६. ओव्हरटेक, वळण आणि उतार

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. गुडीहतनूर, इच्चोडा, नेरडीगोंडा या पट्ट्यात त्यावर मालाचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. गावाकडच्या दुपदरी रस्त्यावरून इथे आलेल्या दुचाकीस्वाराने डाव्या कडेची वाट सोडू नये, आणि गावरस्त्यावर ओव्हरटेक करताना एक हिशेब मनात ठेवावा. इंजिनाची ताकद तीच, वजन दीडपट. ४० वरून ६० वर जायला एकट्याला ६ सेकंद लागत असतील तर आता ९ लागतात. त्या जादा ३ सेकंदांत गाडी समोरून येणाऱ्याच्या बाजूने आणखी ४० मीटर धावत असते. रोजच्या अंदाजाने "निघेल" वाटतं आणि निघत नाही, त्याचं कारण हेच.

वळणावर वेग आधी कमी करावा, वळणाच्या पोटात ब्रेक दाबू नये. काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचे पट्टे सोडून जातात. तिथे गाडी न कलवता, सरळ रेषेत, हळू पार करावी. स्पीडब्रेकर किंवा खड्डा आला की मागच्याला तोंडाने सांगावं. दबलेल्या शॉकॉब्सरला आणखी दबायला जागा कमी उरलेली असते, त्यामुळे धक्का थेट मागच्याच्या कण्यात जातो. गुडघे-कंबर दुखणाऱ्या माणसाला एक न सांगितलेला खड्डा दोन दिवस पुरतो.

उताराचं गणित वेगळं. निर्मलच्या बाजूच्या महबूब घाटासारख्या ठिकाणी २४० किलोंची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली, आणि तिला आवरायचं सगळं काम ब्रेकवर सोपवलं, तर त्यांच्यात पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता तयार होते. लहानशा ड्रममध्ये एवढी आच साठली की ब्रेकची पकड ढिली पडते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनच गाडी मागे ओढून धरतं आणि ब्रेक गरजेसाठी थंड राहतात. क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये, पेट्रोल वाचवायला म्हणून गाडी सोडणं तर या भारासह अगदीच टाळावं.

७. मागे बसणाऱ्याचं काम

मागचा माणूस म्हणजे बोचकं नव्हे. त्याच्या हालचालीने गाडी वळते आणि ढळते. चालवणाऱ्यापेक्षा तो वजनदार असेल तर त्याची हालचाल जास्त लागू होते.

गाडी वळणावर कलली की भिऊन उलट बाजूला झुकायचं नाही. ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहायचं, अंग आपोआप बरोबर कलतं. हात चालवणाऱ्याच्या कमरेला किंवा मागच्या कडीला, खांद्यांवर नाही, कारण खांदे दाबले की हँडल हलतं. सामान मांडीवर दोघांच्या मधे, बाजूला लटकवून नाही. मागे वळून बघणं, मोबाइल काढायला वाकणं, चालत्या गाडीवर पदर सावरणं, हे सगळं गाडी थांबवून.

पदर आणि ओढणी हा स्वतंत्र धोका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ ने मागच्या माणसासाठी तीन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत : धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं, कपडे अडकू न देणारं कवच. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी छान दिसावी म्हणून ते काढून टाकणारी पोरं पुष्कळ आहेत. ज्या गाडीवर आई-मावशी बसणार, तिचं साडीगार्ड जागेवर हवं आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला हवा.

आणि हेल्मेट, दोघांनाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार रस्त्यांवर मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. एका बाजूला बसलेल्या माणसाला धक्का लागला की तो पाठीमागे, डोक्यावर पडू शकतो. घरात एक हेल्मेट पुढच्यासाठी असतंच, दुसरं आयएसआय खुणेचं, मावशीच्या अंबाड्यावरूनही नीट बसेल असं, पट्टा लागणारं घ्यावं.

८. गाडी नको तेव्हा

काही वेळा उत्तर 'नेऊ नये' हेच असतं. दोघांची बेरीज गाडीच्या मर्यादेबाहेर जात असेल, मागच्याला चक्कर येत असेल, ताप किंवा औषधाची गुंगी असेल, एक हात प्लास्टरमध्ये असेल, पाऊस कोसळत असेल किंवा चालवणारा अजून शिकाऊ असेल, तेव्हा गाडी घरी ठेवावी. आजारी माणूस धरून बसू शकत नसेल तर १०८ ला फोन करावा. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेखाली राज्यातल्या बायकांना पल्लेवेलुगू (साध्या) आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट लागत नाही. मावशीने बसने जावं आणि भाच्याने पिशवी घेऊन गाडीने पुढे निघावं, बस थांबली की तिला हात द्यायला हजर असावं, हाही चांगला बेत आहे.

आपल्या जोडीचं ठरलं गाडीनेच जायचं. पिशवी बसने जाणाऱ्या शेजारणीकडे दिली. मागे ३२ पाउंड हवा, शॉकॉब्सर दोन पायऱ्या वर, दिव्याचा झोत खाली, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, ओट्यावरून मावशी बसली आणि काटा ४० च्या आत ठेवून ते रिम्सच्या फाटकात पोहोचले. संध्याकाळी घरी आल्यावर भाच्याचं एक काम उरतं. उद्या तो एकटाच शेतावर जाणार आहे. ३२ पाउंडांचा कडक टायर आणि आवळलेली स्प्रिंग ५२ किलोच्या पोराला प्रत्येक खडीवर उडवेल आणि मागचं चाक ब्रेक लावताच घसरेल. तेव्हा पान्याने कड्या पुन्हा खाली, हवा २८ वर आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जागेवर.